लहान ग्रामीण महाविद्यालय की मोठे शहरी विद्यापीठ? : विद्यार्थ्याची निवड आणि प्राध्यापकाचा सल्ला

प्रस्तावना

दरवर्षी मे-जून महिन्यांत ग्रामीण भागातील प्रत्येक महाविद्यालयात एक प्रश्न हमखास विचारला जातो. बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागतो, गुणपत्रक हातात घेऊन विद्यार्थी विभागात येतो आणि विचारतो, "सर, एम.ए. इथंच करू की विद्यापीठात जाऊ?" बारावीनंतर हाच प्रश्न थोड्या वेगळ्या स्वरूपात पालक विचारतात. मुलाला तालुक्याच्या महाविद्यालयात घालावे की पुण्या-मुंबईला पाठवावे, हा त्यांच्यापुढील पेच असतो. प्रश्न एका वाक्याचा असला तरी त्याच्या उत्तरावर विद्यार्थ्याची पुढील अनेक वर्षे, घरातील पैसा आणि कित्येकदा धाकट्या भावंडांचे शिक्षणही अवलंबून असते.

हा प्रश्न ज्याला विचारला जातो तो प्राध्यापक मात्र पूर्णपणे तटस्थ नसतो. विद्यार्थी थांबला तर विभागाची पटसंख्या टिकते. गेला तर ती घटते. या अडचणीची चर्चा उच्च शिक्षणविषयक लेखनात क्वचितच होते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील परिस्थितीच्या संदर्भात लहान ग्रामीण महाविद्यालय आणि मोठे शहरी विद्यापीठ यांतील वास्तविक फरक, त्या फरकाची ऐतिहासिक कारणे, दोन्ही ठिकाणचे लाभ व मर्यादा आणि सल्लागार म्हणून प्राध्यापकाची जबाबदारी यांचा क्रमाने विचार केला आहे.

एकच पदवी, दोन वाटा

या निवडीचा विचार करताना एक गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी लागते. बहुसंख्य ग्रामीण महाविद्यालये संलग्न महाविद्यालये आहेत. त्यांचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने ठरविलेला असतो आणि पदवी प्रमाणपत्रावर नाव विद्यापीठाचेच असते. तालुक्याच्या गावी बी.ए. झालेल्या आणि विद्यापीठाच्या शहरातील संलग्न महाविद्यालयात बी.ए. झालेल्या विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्रांत कागदोपत्री फरक नसतो. स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठाचे स्वतःचे पदव्युत्तर विभाग यांना अभ्यासक्रम ठरविण्याचे स्वातंत्र्य असते. तेथे फरक सुरू होतो.

या संलग्नतेच्या पद्धतीचे मूळ १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई, कलकत्ता व मद्रास विद्यापीठांत आहे. लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर उभारलेली ही विद्यापीठे आरंभी प्रामुख्याने परीक्षा घेणारी व पदवी देणारी होती. अध्यापन महाविद्यालयांत होत असे. पुढे विद्यापीठे वाढली आणि त्यांचे भौगोलिक क्षेत्र लहान होत गेले. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये, पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये, शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये, अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये, जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये, सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये अस्तित्वात आले. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले तेव्हा ते मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होते, नंतर ते पुणे विद्यापीठाच्या आणि १९६२ नंतर शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत आले. वर्ग त्याच आवारात भरत राहिले, प्रमाणपत्रावरील नाव मात्र बदलत गेले.

यावरून एक निष्कर्ष निघतो. 'कोणाची पदवी?' या प्रश्नापेक्षा 'पदवी मिळेपर्यंतची वर्षे कोणाच्या सहवासात आणि कोणत्या साधनांच्या आधारे जातील?' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पालक आणि विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न विचारतात; दुसरा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवणे हे प्राध्यापकाचे काम ठरते.

ग्रामीण महाविद्यालयांची घडण

ग्रामीण महाविद्यालय म्हणजे शहरातील महाविद्यालयाची अपुरी प्रत, असा एक समज रूढ आहे. महाराष्ट्राचा शैक्षणिक इतिहास पाहता तो टिकत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृह आणि स्वावलंबन हे त्यांच्या कार्याचे दोन आधार होते. साताऱ्याच्या महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' या तत्त्वाला उच्च शिक्षणात स्थान मिळाले आणि १९५४ मध्ये कराड येथे संस्थेचे सद्‍गुरू गाडगे महाराज महाविद्यालय उभे राहिले. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी हेच कार्य केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. महानगरातील संस्थेपाठोपाठ मराठवाड्यासारख्या शिक्षणात मागे ठेवल्या गेलेल्या प्रदेशात महाविद्यालय काढण्यामागील दृष्टी स्पष्ट आहे. शहरापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांपर्यंत शिक्षणानेच जावे, ही ती दृष्टी होय.

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांचा स्वतंत्र विचार मांडला होता. त्यानंतर १९५६ च्या सुमारास देशात ज्या ग्रामीण उच्च शिक्षण संस्था सुरू झाल्या, त्यांत डॉ. जे. पी. नाईक यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचा आणि अमरावतीच्या संस्थेचा समावेश होता. खेड्यातील शिक्षणाने खेड्याचे प्रश्न सोडवावेत, ही त्यामागील अपेक्षा होती. ही अपेक्षा पूर्णत्वास गेली असे म्हणता येत नाही. बहुतेक ग्रामीण महाविद्यालये अखेर कला, वाणिज्य व विज्ञान यांच्या प्रचलित चौकटीतच स्थिरावली. तथापि संख्येच्या दृष्टीने पाहता आज देशातील उच्च शिक्षणाचा मोठा भार हीच महाविद्यालये वाहतात. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२०-२१ च्या अहवालानुसार देशात १,११३ विद्यापीठे आणि ४३,७९६ महाविद्यालये होती, आणि त्या महाविद्यालयांपैकी ६१.४ टक्के ग्रामीण भागात होती.

लहान संस्थेचे बळ

लहान महाविद्यालयाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे तेथे विद्यार्थ्याला नावाने ओळखले जाते. विशेष विषयाच्या वर्गात वीस-पंचवीस विद्यार्थी असतील तर कोण चार दिवस आला नाही, कोणाच्या घरी सोयाबीनची काढणी सुरू आहे, कोणाचे इंग्रजी कच्चे आहे आणि कोण प्रश्न विचारायला कचरतो, हे शिक्षकाला माहीत असते. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच पिढी असेल, तर ही ओळख शिक्षण चालू राहण्याचे कारण ठरते. परीक्षा अर्ज भरायचा राहिला, शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाली, वडिलांनी मुलीचे लग्न ठरविले, अशा प्रसंगी घरी निरोप पाठविणारा किंवा स्वतः घरी जाणारा प्राध्यापक लहान गावातच भेटतो.

दुसरे बळ म्हणजे संधीची उपलब्धता. वक्तृत्व स्पर्धा, भित्तिपत्रक, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, वार्षिक अंकाचे संपादन, आंतरमहाविद्यालयीन क्रीडा स्पर्धा यांत लहान महाविद्यालयातील सामान्य विद्यार्थ्यालाही वाव मिळतो. शहरातील नामांकित महाविद्यालयात याच जागांसाठी शाळेपासूनच तयारी केलेले स्पर्धक असतात. व्यासपीठावर प्रथमच उभे राहण्याचे धैर्य ओळखीच्या श्रोत्यांसमोर अधिक सहजपणे येते.

तिसरी गोष्ट अध्यापकाच्या योग्यतेची. विद्वत्ता शहरातच वसते असे मानण्यास आधार नाही. नरहर कुरुंदकर यांनी आपले अध्यापनाचे आयुष्य प्रामुख्याने नांदेडमध्ये वेचले आणि तेथील पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य झाले. त्यांच्या हयातीत नांदेडला विद्यापीठ नव्हते, तरी महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनात नांदेडचे नाव ठळक झाले. एखाद्या विषयाचा असा एक शिक्षक लहान गावी असेल, तर विद्यार्थ्याने इमारतीची उंची पाहून गाव सोडण्याची घाई करू नये.

लहान संस्थेच्या मर्यादा

हे बळ सांगताना मर्यादा झाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिली मर्यादा शिक्षकांच्या संख्येची आहे. अनुदानित महाविद्यालयांतील मंजूर पदे दीर्घकाळ रिक्त राहिल्याने अनेक विभाग एका कायम प्राध्यापकावर आणि तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांवर चालतात. तासिका तत्त्वावरील अध्यापक अनेकदा मनापासून शिकवतात. परंतु त्यांना पुढील वर्षी आपण याच महाविद्यालयात असू याची खात्री नसते आणि विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला दोन वर्षांचे सलग मार्गदर्शन देणे त्यांना शक्य होतेच असे नाही. पदव्युत्तर वर्ग तर पुष्कळ ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर, पदवी वर्गाच्याच शिक्षकांच्या जोरावर चालतात. एकच शिक्षक सकाळी प्रथम वर्षाला आणि दुपारी एम.ए.च्या दोन्ही वर्षांना तीन-चार अभ्यासपत्रिका शिकवीत असेल, तर प्रत्येक पत्रिकेला तो न्याय देऊ शकेल अशी अपेक्षा करता येणार नाही.

दुसरी मर्यादा विषयांच्या निवडीची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत मुख्य विषयासोबत अन्य विद्याशाखेतील विषय घेण्याची मुभा मोठ्या अपेक्षेने दिली गेली. ज्या महाविद्यालयात पाच-सहाच विभाग आहेत, तेथे ही मुभा व्यवहारात दोन-तीन पर्यायांपुरती उरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र किंवा भाषाविज्ञान शिकावेसे वाटले तर ते शिकविणारे तेथे कोणी नसते.

तिसरी मर्यादा साधनांची आहे. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट सेवेमुळे महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-ग्रंथ आणि शोधगंगेमुळे प्रबंध उपलब्ध झाले, ही मोठी सोय आहे. परंतु जुनी मराठी नियतकालिके, हस्तलिखिते, गॅझेटियर आणि दुर्मीळ ग्रंथ यांसाठी आजही मोठ्या ग्रंथालयात जाऊन बसावे लागते. विज्ञान शाखेत ही अडचण अधिक तीव्र होते. पदवीची प्रात्यक्षिके लहान प्रयोगशाळेत व्यवस्थित होऊ शकतात. पदव्युत्तर पातळीवर लागणारी महागडी उपकरणे विद्यापीठाच्या मध्यवर्ती सुविधेतच असतात.

विद्यापीठाचे देणे आणि घेणे

विद्यापीठाच्या विभागात गेलेल्या विद्यार्थ्याला सर्वप्रथम लाभतात ते सहाध्यायी. राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून, कधी परराज्यांतून आलेली, विषयात खरा रस असलेली मुले एकत्र बसतात तेव्हा वर्गाबाहेरचे शिक्षण सुरू होते. चर्चासत्रे, पाहुण्या अभ्यासकांची व्याख्याने, शेजारच्या विभागात जाऊन बसण्याची मुभा आणि ग्रंथालयात संध्याकाळी उशिरापर्यंत वाचण्याची सोय या गोष्टी अभ्यासक्रमपत्रिकेत लिहिलेल्या नसतात, तरी त्यांचे मोल मोठे असते. नेट-सेटची तयारी, संशोधन मार्गदर्शकाची ओळख, शिष्यवृत्त्यांची माहिती हेही तेथे लवकर कळते. गावाकडे अशी माहिती पोहोचेपर्यंत अर्जाची मुदत संपलेली असते.

विद्यापीठ जसे देते तसे घेतेही. पहिल्या सत्रात ग्रामीण विद्यार्थी बहुधा गप्प असतो. इंग्रजीतून दिलेली वाचनसूची, संक्षेपांनी भरलेली बोली, नेमके कोणाला विचारावे हे न कळणे आणि आपल्या उच्चारांना कोणी हसेल ही भीती यांत त्याचे महिने जातात. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीतील पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकायला येतो आणि अखेर रित्या हाताने गावी परततो. मराठी वाचकाला त्याची कथा आजही परकी वाटत नाही, कारण वसतिगृहाच्या खोलीत एकटा पडलेला विद्यार्थी आजही प्रत्येक विद्यापीठात आहे. तो वर्गात आला नाही हे कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी बाब शहरी आकर्षणांची नसून शहरी वळणांची आहे. पुण्यात एम.ए.साठी आलेला विद्यार्थी थोड्याच दिवसांत एखाद्या अभ्यासिकेत जागा घेतो, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागतो आणि पदव्युत्तर प्रवेश केवळ वसतिगृहातील खाट टिकविण्यापुरता उरतो. स्पर्धा परीक्षेचा मार्ग निवडण्यात गैर काही नाही. तो निवडायचाच असेल तर तो उघडपणे निवडावा आणि त्याची मुदत आधी ठरवावी, एवढे तरी सांगणे आवश्यक आहे. विद्यापीठांच्या विभागांतही रिक्त पदांचा प्रश्न आहे, हेही विसरता येत नाही. मोठ्या नावाच्या विभागात प्रत्यक्षात कायम अध्यापक किती उरले आहेत, याची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी लागते.

खर्चाचा हिशेब

निवडीच्या चर्चेत शुल्काचा उल्लेख सर्वप्रथम होतो. वस्तुतः पारंपरिक अभ्यासक्रमांत शुल्क हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग राहण्याचा आणि जेवणाचा. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मर्यादित असतात आणि त्यांचे वाटप प्रवेशानंतर काही आठवड्यांनी होते. तोवर विद्यार्थ्याला 'कॉट बेसिस'वर खोली, तिची अनामत रक्कम, मेसचे आगाऊ पैसे आणि प्रवास यांची तजवीज करावी लागते.

शासनाच्या योजना या ठिकाणी उपयोगी पडतात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. ती सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी वार्षिक साहाय्याची रक्कम ६०,००० रुपये होती. त्यांत भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० रुपये अशी विभागणी होती. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि अन्य काही घटकांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही आहे. निवासाचे २०,००० रुपये बारा महिन्यांत विभागले तर महिन्याला १,६६७ रुपयांच्या आसपास पडतात. एवढ्या भाड्यात मोठ्या शहरात कोणती जागा मिळेल, याचा अंदाज प्रत्येक प्राध्यापकाला आहे. शिवाय अर्ज, पडताळणी आणि बँक खात्यात रक्कम जमा होणे यांत वेळ जातो. पहिल्या सत्राचा खर्च विद्यार्थ्याला आधी स्वतःच भागवावा लागतो. म्हणून 'योजना आहे' एवढे सांगून सल्ला पूर्ण होत नाही. 'पहिल्या चार महिन्यांचे पैसे कोठून येतील?' हा प्रश्न विचारल्याशिवाय विद्यार्थ्याला शहरात पाठवू नये. विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेची माहितीही त्याला प्रवेशापूर्वीच असावी.

विद्यार्थिनींचा प्रश्न

विद्यार्थिनींच्या बाबतीत ही निवड अनेकदा निवड उरतच नाही. मुलीला शहरात ठेवण्यास घर तयार नसेल, तर जवळचे महाविद्यालय किंवा शिक्षणाचा शेवट एवढेच दोन पर्याय उरतात. अशा वेळी तालुक्याच्या गावचा पदव्युत्तर वर्ग कितीही अपुरा असला तरी त्याचे मोल विद्यापीठाच्या विभागाशी तुलना करून ठरविता येत नाही. एस.टी.ची सकाळची गाडी आणि संध्याकाळची परतीची गाडी यांच्या दरम्यान बसणारे वेळापत्रक ही गोष्ट अशा मुलींसाठी ग्रंथालयाइतकीच महत्त्वाची ठरते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या तिकिटात महिलांना ५० टक्के सवलत मिळाल्याने प्रवासाचा खर्च हलका झाला. गाडी वेळेवर येण्याचा आणि गावात थांबण्याचा प्रश्न मात्र स्वतंत्रच राहिला. महाविद्यालयाने शेवटचा तास गाडीच्या वेळेआधी संपविला, तर एखाद्या मुलीचे शिक्षण वाचू शकते.

तथापि घरची परवानगी ही अचल गोष्ट आहे असे गृहीत धरून हुशार विद्यार्थिनीला आपणहून स्थानिक वर्गाकडे वळविणे, हाही एक अन्यायच आहे. पालकांशी बोलणे, विद्यापीठातील मुलींच्या वसतिगृहाची माहिती देणे आणि पूर्वी गेलेल्या एखाद्या माजी विद्यार्थिनीची भेट घडविणे एवढे प्रयत्न आधी व्हावयास हवेत.

सल्लागार आणि त्याचे हितसंबंध

या प्रश्नाची सर्वांत नाजूक बाजू आता विचारात घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा प्रत्यक्ष अध्यापनाचा कार्यभार १६ तासांचा आहे. हा कार्यभार तुकड्या, विशेष विषयाचे वर्ग आणि प्रात्यक्षिकांच्या बॅचेस यांवरून मोजला जातो आणि या सर्वांचे मूळ विद्यार्थिसंख्येत आहे. विद्यार्थी घटले की वर्ग एकत्र होतात, कार्यभार कमी पडतो आणि पद अतिरिक्त ठरण्याची शक्यता निर्माण होते. त्याची झळ प्रथम तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याला बसते. विनाअनुदानित पदव्युत्तर वर्गात तर शिक्षकाचे मानधनच शुल्कातून निघते. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगाव हिंडून प्रवेश गोळा करणाऱ्या प्राध्यापकाला दोष देणे सोपे आहे, परंतु त्याच्या पाठीशी त्याच्या विभागाच्या अस्तित्वाचा प्रश्न उभा असतो.

नेमक्या याच प्राध्यापकाला विद्यार्थी विचारतो, "सर, कुठं जाऊ?" वर्गात पहिला येणारा विद्यार्थी येथेच थांबावा, अशी इच्छा शिक्षकाला होणे मानवी आहे. त्या इच्छेला 'तुझ्या हिताचे आहे' असे रूप देणे मात्र सल्ल्याच्या विश्वासाला तडा देणारे आहे. विद्यार्थ्याला विभागाच्या पटसंख्येची कल्पना नसते. तो गुरुजनांचा शब्द प्रमाण मानतो. याच्या उलट वृत्तीही आढळते. काही प्राध्यापक स्वतः शहरात जाऊ शकले नाहीत, ही खंत विद्यार्थ्याच्या माथी मारतात आणि प्रत्येक हुशार मुलाला, त्याची तयारी असो वा नसो, विद्यापीठाकडे ढकलतात. दोन्ही सल्ल्यांत विद्यार्थी बाजूला पडतो आणि बोलतो तो शिक्षकाचा स्वतःचा प्रश्न.

यावर केवळ नैतिक उपदेश पुरेसा नाही; काही साध्या व्यवस्था उपयोगी ठरू शकतात. प्रत्येक विभागाने मागील दहा वर्षांत पदवी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्यांची नोंदवही ठेवावी. कोण कोठे गेले, कोणी शिक्षण पूर्ण केले, कोण अर्ध्यात परतले आणि का, ही माहिती त्यात असावी. कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अशी नोंदवही विद्यार्थ्याला अधिक शिकवते. दुसरे म्हणजे अंतिम सल्ला विषयाच्या प्राध्यापकासोबत अन्य विभागातील एका सहकाऱ्याने द्यावा; त्याच्या कार्यभाराचा या निवडीशी संबंध नसतो. तिसरे म्हणजे तृतीय वर्षातील इच्छुक विद्यार्थ्यांना विद्यापीठाचा विभाग आणि ग्रंथालय प्रत्यक्ष दाखवावे. एका दिवसाच्या भेटीने भीती आणि भ्रम दोन्ही कमी होतात.

निवडीचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे विद्यार्थ्यासमोर पुढील प्रश्न ठेवता येतील.

१) ज्या विषयात विशेष अभ्यास करायचा आहे, त्या विषयाचे कायम अध्यापक दोन्ही ठिकाणी किती आहेत?

२) त्या विषयासाठी आवश्यक ग्रंथ, प्रयोगशाळा किंवा क्षेत्रकार्य कोठे उपलब्ध आहे? लोकसाहित्य, बोली, स्थानिक इतिहास, कृषी अर्थकारण अशा विषयांत क्षेत्र गावाकडेच असते, हेही ध्यानात घ्यावे.

३) पहिल्या सत्राचा राहण्या-जेवण्याचा खर्च कोठून भागणार आहे आणि वसतिगृह मिळाले नाही तर पर्याय कोणता?

४) उद्देश विषयाच्या अभ्यासाचा आहे की स्पर्धा परीक्षेचा? दुसरा असेल तर तो किती वर्षांसाठी?

५) विद्यार्थी अनोळखी जागी मदत मागू शकतो का? ही सवय अद्याप लागली नसेल, तर ती लावण्यासाठी पदवीचे शेवटचे वर्ष हाताशी आहे.

या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाची वेगळी येतील. तरीही एक सर्वसाधारण दिशा सुचविता येते. पदवीच्या वर्षांत, विशेषतः पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला, ओळखीचा शिक्षक आणि परवडणारे अंतर यांचा लाभ साधनांच्या उणिवेपेक्षा बहुधा मोठा असतो. पदव्युत्तर टप्प्यावर हे पारडे विद्यापीठाकडे झुकते, कारण तेथे विषयाची खोली, सहाध्यायी आणि साधने यांची गरज वाढते. शुद्ध विज्ञानात ते लवकर झुकते. भाषा व सामाजिक शास्त्रांत स्थानिक विभागात समर्थ मार्गदर्शक असेल तर ते समतोलही राहू शकते. बारावीनंतर लगेच शहरात जाणे हा ज्यांच्याकडे आर्थिक आधार आणि विषयाची स्पष्ट निवड आहे, त्यांच्यासाठी योग्य पर्याय आहे.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांच्या कालावधीत टप्प्याटप्प्याने संपविण्याची आणि महाविद्यालये स्वायत्त पदवी देणाऱ्या संस्था होण्याची कल्पना मांडली आहे. ती प्रत्यक्षात आली तर 'एकच पदवी' हा लहान महाविद्यालयाचा आजवरचा आधार राहणार नाही. गावच्या महाविद्यालयाची पदवी त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखली जाईल आणि मग विद्यार्थ्याची निवड आजच्यापेक्षा कितीतरी अधिक गंभीर होईल. त्या दिवसाची तयारी इमारतींनी होणार नाही. महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना आजवर कोणता सल्ला दिला आणि तो किती खरा ठरला, यावर त्याची पत उभी राहील.

प्रामाणिक सल्ल्याने एखाद्या वर्षी विभागाचे दोन-चार प्रवेश कमी होतील, ही भीती निराधार नाही. परंतु विद्यापीठात जाऊन यशस्वी झालेला विद्यार्थी आपल्या गावच्या मुलांना 'पदवी त्याच सरांकडे कर, पुढचं ते नीट सांगतात' असे सांगतो, तेव्हा ते प्रवेश परत येतात. भाऊराव पाटलांच्या पिढीने खेड्यात महाविद्यालये काढली ती मुलांना खेड्यात अडवून ठेवण्यासाठी नव्हे. ज्यांना थांबायचे आहे त्यांना थांबता यावे आणि ज्यांना जायचे आहे त्यांना जाता यावे, यासाठी ती काढली. त्या वारशाशी इमान राखणे आजच्या प्राध्यापकाच्या हाती आहे, आणि जूनमध्ये गुणपत्रक घेऊन दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला तो जे उत्तर देईल त्यावरून ते ठरणार आहे.